हैबतची मिशी

अठ्ठावन्न साली चिंचवडच्या पारावर सारीपाट रंगला होता. मी आणि हैबत एका बाजूला, भोसरीचे दोघे समोर. हरलो तर मिशी उतरवीन, अशी पैज हैबतनेच लावली होती. माझी शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी आली. हैबतच्या तीन अजून वाटेतच होत्या, आणि दोघांच्याही साऱ्या सोंगट्या घरात गेल्या तरच डाव आमचा.

"रखमाजी, आत जाऊ नगं. आणखी एक फेरा मार, माझ्या सोंगट्या सांभाळ. एकट्याला सोडलंस तर दोघं मिळून मला मारतील."

मी सोंगटी घरात नेली.

"आरं, असं का केलंस?"

"संपात चौथ्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून तू एकटाच आत गेलास, तवा मी बाहेर हुतो. नोकरी गेली, आजबी बाहेरच हाय."

मग मी जमलेल्या लोकांकडे वळलो. "बोलवा रं न्हाव्याला."