ओरखडा न पडता

“चाकांवर ओरखडा पडू देऊ नका हं. माझ्या लेकाने हौसेने बनवून घेतलीत,” मावशी पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

गाडी कित्येक महिने एकाच जागी उभी राहून टायरना भेगा पडल्या होत्या. ते बदलायला त्या आमच्या दुकानात आल्या होत्या. टायर काढायच्या मशीनच्या पकडीवर बसवलेलं प्लॅस्टिक मी त्यांना दाखवलं. हवेचा दाब सांगणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच असतो, तिथे आम्ही जोर लावत नाही, हेही सांगितलं. तरी त्यांचा जीव काही भांड्यात पडेना.

“लेक भलताच कडक दिसतोय तुमचा,” मी हसत म्हणालो. “मग स्वतः का नाही आला?”

त्या वळून बाकड्यावर जाऊन बसल्या.

मी पहिल्या चाकाचा व्हॉल्व्ह उघडला. हवा फुस्सकन सुटली, तशा त्या धावतच आल्या.

“अहो, थांबा, थांबा!”

“मावशी, हवा सोडल्याशिवाय टायर निघायचा कसा?”

“कळतंय हो मला. पण हळूहळू सोडा.” त्या चाकाशी खाली बसल्या आणि डोळे मिटून सुटणाऱ्या हवेसमोर गाल धरला.



“तो गेला ना, त्याच दिवशी सकाळी त्याने स्वतः पंप मारून भरली होती ही.”