पुढचं वजन

“मग बदललं काय?” टायरवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

“काहीच नाही हो!” लेक आता वैतागली. “तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, त्याच हजार विटा, चढही तोच. तीन वर्षं मुकाट्यानं चढला, आणि गेले दोन महिने मेल्याचं नाक वर! काल तर पुढची चाकं वीतभर उचलली. स्टिअरिंग नुसतं गरागरा फिरतंय आणि गाडी आपली निघाली कठड्याकडे. आणि पुढं बंपरवर बाबा बसलेले!”

बाबा नेहमीच तिथं बसत. हौस म्हणून नव्हे. भरलेली ट्रॉली चढावर ओढायची तर पुढं वजन लागतं, म्हणून. लेक ट्रॅक्टर चालवायची आणि बाबा वजन व्हायचे, असा दोघांचा धंदा.

तिनं सगळं करून पाहिलं होतं. ट्रॉलीचा हुक एक भोक खाली घेतला. हवा तपासली. भट्टीवाला हल्ली विटा जड पाडतो, असा संशय घेऊन त्याच्याशी कडाकडा भांडली आणि दोन विटा घरी आणून तोलल्या. त्या होत्या तेवढ्याच भरल्या. त्यात हत्यारांच्या पेटीतून एकेक वस्तू गायब व्हायला लागली होती. आधी मोठा पाना, मग साखळी, मग हातोडा. त्याचाही आळ तिनं भट्टीवाल्यावरच घातला. बिचारा शपथा घेऊन दमला.

“पुढच्या चाकांत पाणी भरू,” टायरवाला म्हणाला. “जड झाली की बसतील जमिनीला.”

“चाकात पाणी?” जुन्या टायरवर बसलेले बाबा ताडकन म्हणाले. “मग मी कशाला आहे?”

“वजन किती तुमचं?”

“ब्याऐंशी.”

लेकीनं मान डोलावली. बाबा म्हणजे ब्याऐंशी, हे तिला वर्षानुवर्षं पाठ होतं. भर उन्हात ते कोट घालून बसले होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. दोन महिने झाले, हा कोट अंगावरून उतरत नव्हता. विचारलं की म्हणायचे, “पुढं वारं लागतं.” इतकी वर्षं काय वारं नव्हतं? पण बाबांच्या लहरीपुढं कोण डोकं आपटणार, म्हणून तिनं नाद सोडला होता.

टायरवाल्यानं जॅक लावून चाक उचललं, हवेचं तोंड वर येईल असं फिरवलं, आतली पिन काढून नळी जोडली. पाणी आत जायला लागलं. मधूनमधून नळी काढून तो आतली हवा फुस्सकन सोडून देई.

“तोंडाशी पाणी आलं की थांबायचं, वर थोडी हवा हवीच,” तो म्हणाला. “एका चाकात चाळीस लिटर. दोन मिळून ऐंशी. म्हणजे तुमचे बाबाच चाकात भरले म्हणा ना! आता त्यांना घरी आराम करू द्या.”

लेक हसली. बाबा हसले नाहीत. ते उठून चाकाजवळ आले, वाकून बघायला लागले, आणि तेवढ्यात नळी निसटून पाण्याचा फवारा त्यांच्या छातीवर आला.

“काढा तो कोट, वाळत घालते.”

“राहू दे गं. वाळेल अंगावर.”

“बाबा, काढा म्हणते ना!”

तिनं मागून कॉलर धरून ओढलाच. कोट हातात आला आणि हात खाली गेला. एवढ्याशा पाण्याचं एवढं वजन? तिनं तो पत्र्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. खिळा वाकला, कोट धाडकन खाली पडला. खिशातून मोठा पाना बाहेर आला. त्याच्यामागून साखळी, बिनदांड्याचा हातोडा आणि घरी तोलायला आणलेल्या विटांपैकी एकीचा अर्धा तुकडा.

लेक एकदा त्या पसाऱ्याकडे बघे, एकदा बाबांकडे. काही केल्या मेळ बसेना. मग तिला बाबांचा सदरा दिसला. खांद्याची शिवण पार दंडावर उतरली होती. गळ्याचं बटण लावलेलं होतं, तरी आत मूठ गेली असती. रोज डोळ्यांसमोर बसलेली ती रुंद पाठ नुसती कोटाची होती.

“बाबा, हे काय?”

“जरा कमी पडायला लागलोय मी,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. “जेवण जात नाही. म्हटलं, येईल भरून.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगून काय? तू माझ्याबरोबर दवाखान्यात बसली असतीस. मग विटा कोणी नेल्या असत्या? आणि नेल्या असत्यास एकटीनं, तर पुढं कोण बसलं असतं?”

तिला भयंकर राग आला, पण कोणाचा ते कळेना. भट्टीवाल्यावर घसरायची सोय आता उरली नव्हती.

टायरवाल्यानं नळी बाजूला ठेवली. जुने टायर भंगारात घालताना ज्यावर तोलायचा तो वजनकाटा त्यानं कोपऱ्यातून ओढत आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला.

“चढा,” लेक म्हणाली.

“उगीच कशाला?”

“दुसरं चाक भरलं की सरळ दवाखान्यात जायचंय. डॉक्टर विचारतील. चढा.”

बाबा चपला काढून वर उभे राहिले. काटा थोडा थरथरला आणि साठाच्या अलीकडेच थांबला. काच धुळकट असेल म्हणून लेकीनं ती पदरानं पुसली आणि वाकून पुन्हा पाहिलं.

बाबांनी खाली बघितलंच नाही. त्यांनी तिच्यापुढं हात केला.

“आधी कोट दे.”