उन्हात शीळ घालणारा नर

एल्क हरणाचा नर माजावर येतो, ते दिवस लहान होऊ लागतात म्हणून. थर्मामीटर बघून नव्हे. निसर्गाचं हे अटळ सत्य व्हर्लिन स्टकीने वायोमिंगच्या डोंगरात सकाळीच मोठ्याने जाहीर केलं. ऐकायला एकटं खेचर होतं. त्यालाही उकडत होतं. त्याने व्हर्लिनच्या टोपीची कड चावली आणि शांतपणे गिळली.

सप्टेंबर अर्धा सरला तरी ऊन भर उन्हाळ्याचं होतं. ॲस्पेनची पानं पिवळी व्हायचं सोडून नुसती मान टाकून लोंबत होती. एल्क स्प्रूस झाडांच्या दाट सावलीत बसून होते आणि अंधार पडल्याशिवाय तोंड उघडत नव्हते. व्हर्लिनचं तोंड मात्र बंद होत नव्हतं. तो उन्हाला शिव्या घालत होता, रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईला घालत होता, आणि दम लागला की थांबून आपल्या धाकट्या भावाला, डेल्मरला घालत होता.

डेल्मरशी त्याचं बोलणं बंद होतं. कारण एल्कच. काही वर्षांमागे अशाच उकाड्यात व्हर्लिनने एक नर बाणाने पाडला. "थंडी पडू दे, आत्ता मांस टिकायचं नाही," असं डेल्मर आधीच म्हणाला होता. व्हर्लिनने ऐकलं नाही. मग चूक कोणाची यावर दोघं त्या जनावराच्या दोन बाजूंना उभं राहून भांडले, आणि ते भांडण संपेपर्यंत मांसाला वास सुटला. घोड्याएवढं हरीण, हिवाळाभराचं जेवण, तिथेच टाकून यावं लागलं. त्या डोंगरात याहून मोठी लाज नाही. गावात दोघांनी एकमेकांचं नाव सांगितलं, आणि गावाने दोघांवरही विश्वास ठेवला.

म्हणून यंदा व्हर्लिनला उन्हातच नर मारायचा होता. त्याचा शेवटचा तुकडासुद्धा ताजा घरी न्यायचा होता. आणि जाताना डेल्मरच्या दारावरून खेचर अगदी हळू चालवायचं होतं.

दुपार झाली. माश्याही सावली शोधू लागल्या. अशा वेळी खालच्या ओढ्याकडून शीळ आली. आधी घशातली गुरगुर, मग वर वर चढत जाणारा बारीक सूर. भर उन्हात, माजावरचा नर.

व्हर्लिनने खेचर झाडाला बांधलं, नराची शीळ काढायची कमरेची नळी तोंडाला लावली आणि हा डोंगर माझा आहे अशा अर्थाची शीळ घातली. खालून लगेच उत्तर आलं. ते जरा उर्मट वाटलं. व्हर्लिनने त्याहून उर्मट उत्तर दिलं.

हे बराच वेळ चाललं. व्हर्लिन शीळ घालायचा, थोडा खाली सरकायचा, पुन्हा घालायचा. नर जागचा हलत नव्हता, पण एकही शीळ बिनउत्तराची सोडत नव्हता. समोरच्याचं ऐकूनच घ्यायचं नाही असा हेकट नर व्हर्लिनने जन्मात पाहिला नव्हता. शेवटी शेवटी तो शिकार विसरला आणि नुसता भांडू लागला. इतक्या वर्षांत त्याला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

ओढ्याकाठी विलोची झुडपं हलली. व्हर्लिनने धनुष्याला बाण लावला. झुडपातून आधी एक नळी बाहेर आली. नळीमागून डेल्मर आला. त्याचा उजवा हात पट्ट्याने गळ्यात अडकवलेला होता.

व्हर्लिनने रागाने बाण परत भात्यात खुपसला.

"अर्धी दुपार," तो म्हणाला, "अर्धी दुपार मी तुझ्याशी शिट्ट्या वाजवतोय, गाढवा. मी आहे हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच फटक्यात कळलं. एल्क एवढा बेसूर नसतो."

"मग गप्प का नाही बसलास?"

"तू परत गेला असतास."

"नावाने हाक मारायला काय झालं होतं?"

"मारली ना. तुझ्या शिव्या इथपर्यंत ऐकू येत होत्या, म्हणून सकाळी दोनदा मारली. तू त्या कड्यावर थांबलास, ऐकलंस आणि उलट्या दिशेने चालू लागलास."

वारा असेल, असं व्हर्लिनने तेव्हा खेचराला सांगितलं होतं. वारा सकाळपासून नव्हता.

डेल्मर बाजूला झाला. त्याच्यामागे सावलीत एक भला मोठा नर आडवा पडला होता. वरची बाजू डाव्या हाताने कशीबशी सोललेली. खालची तशीच, अंगाची ऊब आत कोंडून बसलेली; एका हाताने जनावर उलटत नव्हतं.

"थंडी पडेपर्यंत मारू नये म्हणणारा तूच ना?" व्हर्लिन म्हणाला.

"पहाटे गारवा होता," डेल्मर म्हणाला. "मग नव्हता. मग मी दगडावरून घसरलो आणि खांदा गेला."

मांसाला अजून वास नव्हता. पण पहिली माशी येऊन बसली होती आणि दुसरी जागा बघत होती. व्हर्लिनकडे आता इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं होतं, आणि ते ऐकवायला यापेक्षा चांगला दिवस उगवणार नव्हता. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"आता नीट ऐक डेल्मर. त्या दिवशी चूक कोणाची होती ते आज मी तुला अगदी पहिल्यापासून..."

"सांग ना," डेल्मर म्हणाला. "सगळं ऐकतो. फक्त बोलता बोलता तो मागचा पाय जरा वर धर."