जाळं धुताना

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचं जाळं पडवीतून ओढत आणलं आणि पाण्याच्या पिंपात टाकलं. वादळात तो गेला. होडी आणि जाळं तेवढं किनाऱ्याला लागलं. ते विकत घेणारा संध्याकाळी येणार होता.

जाळं खळबळायला हात घातला आणि मनगटापर्यंत आग आग झाली.

“चोळू नको गो!” सासू व्हिनेगरची बाटली घेऊनच धावत आली. “जेलीफिशचे धागे सुकलेत त्यात. ती मेली तरी तिच्या सुया मरत नाहीत. पाणी लागलं की सुटतात.”

तिला ठाऊक होतं. मोसमात तो रोज असेच हात घेऊन घरी यायचा. बाटली ओतता ओतता ती करवादायची, “हातमोजे घातलेस तर काय झिजशील?” तो नुसता हसायचा.

तिच्या मनगटावर लाल रेघा उठल्या. सासूने बूच काढलं.

“राहू द्या, आई. बघा ना, अगदी त्याच्या हातासारखा दिसतोय.”

सासू बघत राहिली. मग तिने बाटली उंबऱ्यावर ठेवली, काकणं कोपराकडे सारली आणि आपलाही हात पिंपात घातला.