एका कलेजीची कबुली

"उद्या मी येणार नाही, बाई," खाटीक म्हणाला. "घरचीचं ऑपरेशन आहे. यकृतात गाठ निघालीय."

तपासनीस बाईंची सुरी थांबली नाही. कत्तलखान्यातली प्रत्येक कलेजी त्या उभी चिरत आणि दोन बोटांनी दाबत. पानासारखा चपटा किडा वर आला की कलेजी थेट पिंपात, मग मालक रुसो की हात जोडो. सात वर्षांत खाटकाने त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. त्यांना खोटं पाडायची संधी मात्र एकदाही मिळाली नव्हती.

"आणि एक चोरी कबूल करायचीय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी तुमची पाठ वळली तेव्हा पिंपातली एक कलेजी मी उचलली. बरी दिसत होती हो. घरी नेऊन दिली. मीच आजारी पाडलं तिला. परवाना काढून घ्या हवं तर."

आता सुरी थांबली.

"शिजवलेल्या कलेजीतून हा किडा लागत नाही," बाई म्हणाल्या. "तो पाण्यातल्या पाल्याला चिकटून पोटात जातो. ओढ्यातली भाजी कच्ची खाता का घरी?"

"ती खाते. मेंढ्यांच्या वाड्यामागचा ओढा आहे ना, तिथली."

"ताप? अंगाला खाज?"

"दोन्ही. पण दवाखान्यात कुणी विचारलं नाही."

बाईंनी हात धुतले आणि सर्जनला फोन लावला. "मी जनावरांची डॉक्टर. तुमच्यापुढे मी काय बोलणार? पण कापण्याआधी यकृतातल्या किड्यासाठी रक्त तपासा. माझ्याकडे असली यकृतं रोज येतात. तुमच्याकडे दहा वर्षांत एखादं येत असेल."

सर्जन आधी फणकारला. मग त्याने रक्त तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन रद्द करायला स्वतः वॉर्डात आला. गाठ नव्हतीच. किडे होते. दोन दिवस गोळ्या दिल्या.

तीन आठवड्यांनी बायको नवऱ्यावर खेकसण्याइतकी बरी झाली. तेव्हा कुठे त्याने तिला कलेजीची चोरी सांगितली. ती कलेजी मनाला खात नसती, तर आपण बाईंपुढे तोंडच उघडलं नसतं, हेही सांगितलं.

"ती होय?" बायको म्हणाली. "चांगली कलेजी तुम्ही कधी घरी आणलीय? तेव्हाच ओळखलं, बाईंनी टाकलेली असणार. मांजरीला घातली मी."