पाठीवरचे डाग

पलूसच्या शुभांगीनं नवरा आणि सासूबाईंसोबत चार वर्षांच्या गार्गीला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा लेकीचा डावा डोळा खोबणीतून पुढं आला होता. "मागची गाठ नजरेच्या शिरेवर दाब देतेय. लवकर काढली नाही तर दिसायचं बंद होईल," डॉक्टर म्हणाले. "हा आजार पुष्कळदा आईबापाकडून येतो. घरात कुणाच्या अंगावर हिच्यासारखे चहाच्या रंगाचे डाग आहेत?" सासूबाई फणकारल्या, "आमच्यात न्हाईत कुणाला. हिनंच पोटुशी असताना ग्रहण पाळलं न्हाई." हा ठपका शुभांगी पहिल्यापासून मुकाट ऐकत आली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. वीरधवलनं मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "हाईत. ह्यांच्या पाठीवर हाईत, तसलेच." सासूबाई ताडकन उठल्या. "माझ्या लेकाला बट्टा लावतीस व्हय गं?" म्हणत त्या बाहेर पडल्या आणि वीरधवलही त्यांच्यामागं गेला. दोघंही परत आले नाहीत. ऑपरेशनला होकार शुभांगीनं एकटीनं दिला. गाठ सगळी निघाली नाही, पण शीर मोकळी झाली. पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरांनी गार्गीचा उजवा डोळा तळहातानं झाकला. "सांग बघू, समोर कोण दिसतंय?" "आई!" पोर हसली. शुभांगीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात गार्गीनं त्याच डाव्या डोळ्यानं सगळी खोली धुंडाळली आणि विचारलं, "तू एकटीच?"