अडायला नको

"आता तिसरी कंपनी पण जोड," दादा म्हणाला.

धाकटीने कपाळावर हात मारला. वॉशिंग मशीनच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान. गिऱ्हाईक "मशीन घरघरतंय" एवढंच लिहून पाठवायचं आणि एका कंपनीचं एआय नेमकं सांगायचं, बेल्ट गेलाय की बेअरिंग. हे सगळं धाकटीनेच बसवलं होतं. पण दादाने एकच धोशा लावला होता: एकाच कंपनीवर विसंबायचं नाही.

"अरे, चाललंय ना छान? दुसरी जोडली तेव्हा काय झालं, विसरलास? बेल्ट मागणाऱ्यांना आपण झाकणं पाठवली."

"ते तू निस्तरलंस ना. उद्या पहिलीने गाशा गुंडाळला तर?"

याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. याच दुकानापायी तिने मागच्या वर्षी पुढच्या शिक्षणाची जागा सोडली होती. घरी मात्र सांगितलं, तिथले मास्तर जुनाट आहेत. दादाने नुसती मान डोलावली होती.

तिसरी जोडून झाली, तर दादाचं नवीनच खूळ. कंपनी बदलायची कशी, ते म्हणे वहिनीला शिकव. वहिनी चष्मा पुसत शेजारी बसायची आणि तेच ते पुन्हा पुन्हा विचारायची. धाकटीचा नुसता संताप व्हायचा. मग हळूच मनात पाल चुकचुकली. हिला माझ्या खुर्चीत तर बसवायचं नाही ना?

एका सकाळी दादाने धाकटीला मालाच्या खोलीत पाठवलं. "आज कशालाही हात लावायचा नाहीस." आणि ऐन कामाच्या घाईत त्याने पहिल्या कंपनीचं एआय बंद करून टाकलं.

धाकटी रबरी पट्ट्यांच्या ढिगाशेजारी नखं खात बसली. बाहेर वहिनीची बोटं टकटकत होती. मग पार्सलांची चिकटपट्टी रोजच्यासारखी करकरू लागली.

दादा दारात आला. "एकही उत्तर चुकलं नाही."

"म्हणजे माझ्यावाचून आता काही अडत नाही." तिने हाताशी आलेली पट्टी भिरकावली. "हेच हवं होतं ना तुला?"

"हेच," दादा म्हणाला. "तुझ्या कॉलेजला फोन केला होता. या वर्षीही तुला घेतील. आणि मास्तर तेच आहेत, जुनाट."